जात न पाहणाऱ्यांची यादी

टोरोंटोतल्या एका बँकेत मी कॉम्प्युटरचं काम करतो आणि त्याच बँकेत, बिनपगारी, लोकांना चांगलं वागायला शिकवतो. नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी आमच्याकडे सर्वसमावेशकतेचं दोन तासांचं सत्र असतं. गेली सहा वर्षं ते मीच घेतो. त्यातली तिसरी स्लाइड माझी विशेष लाडकी आहे. तिच्यावर एकच वाक्य आहे: समोरच्याला 'तुम्ही मूळचे कुठले?' असं विचारू नका. गोरी मंडळी ती स्लाइड पाहून माना खाली घालतात. मी जरा थांबतो, त्यांना नीट ओशाळू देतो आणि मग समजावतो, की बाबांनो, प्रश्न दिसायला साधा आहे, पण ऐकणाऱ्याला त्यात 'तू आमच्यातला नाहीस' असंच ऐकू येतं. शेवटी टाळ्या पडतात.

आणि शनिवारी नॉर्थ यॉर्कला आमच्या मराठी मंडळात गेलो, की नव्या माणसाने कोट काढून खुंटीला लावायच्या आत मी विचारतो, "मूळ गाव कोणतं?"

सहा वर्षांत मला यात काहीही वावगं वाटलं नव्हतं. ऑफिसातला प्रश्न भेदभाव आणि मंडळातला आपुलकी, इतकं ते सरळ होतं.

हे शिकवायचं काम माझ्याकडे आलं तेही एका अन्यायातून. दहा वर्षांपूर्वी माझ्या तेव्हाच्या मॅनेजरने एका मोठ्या ग्राहकासमोरच्या सादरीकरणातून मला परस्पर वगळलं. सगळं काम माझं, आणि उभा राहून बोलणार दुसराच. विचारलं तर म्हणाला, वेळेचं गणित जमत नव्हतं. वेळ बक्कळ होता. मी तक्रार केली. महिन्याभराने मला दोन ओळींचं पत्र मिळालं: तुमच्या उच्चारांमुळे तुम्हाला वगळलं होतं, ते चूक होतं, क्षमस्व. ते पत्र वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडलो होतो, हे आज सांगायला हरकत नाही. बढती नाही, काही नाही, फक्त कारण मिळालं होतं. तोपर्यंत मला वाटत होतं, की माझंच काम कमी पडलं असावं.

हे सगळं ज्याच्यावर गुदरलं होतं त्याच माणसाने पुढचा उद्योग केला, म्हणून हे आधी सांगितलं.

मंडळात तेव्हा एकशे बारा कुटुंबं होती आणि मी चिटणीस होतो. आमचा गणपती पालिकेच्या कम्युनिटी सेंटरमध्ये, सवलतीत मिळणाऱ्या हॉलमध्ये बसतो. तिथलं किचन मोठं आहे आणि नैवेद्य तिथेच होतो. त्या वर्षी ग्वेल्फहून एक बाई नव्याने येऊ लागल्या. तिथल्या विद्यापीठात त्या तांदळाच्या पिठावर संशोधन करतात. सगळे त्यांना ग्वेल्फच्या ताई म्हणायचे. आमच्याकडच्या बायका मोदकाची उकड अंदाजाने काढतात, ताईंनी ती शास्त्राने काढली. पीठ कोणतं, पाणी किती, झाकण किती वेळ, सगळं ठरलेलं. शेजारी त्यांची अकरा वर्षांची मुलगी स्टुलावर उभी राहून कळ्या पाडत होती. दोनशे मोदकांतला एकही फुटला नाही. मी सात खाल्ले आणि आठवा बायकोच्या धाकाने ठेवला.

सगळे खूश होते, फक्त एक अडचण होती. ताईंचं आडनाव फसवं होतं. चार जातींत सापडेल असं. आमच्यातल्या ज्येष्ठ मंडळींना अशा आडनावाची फार बेचैनी होते. रिकाम्या रकान्याकडे पाहून कारकुनाला व्हावी तशी. कुणी आजोळ विचारलं, कुणी कुलदैवत विचारलं, एका काकूंनी तर "तुमच्याकडे आमटीला गूळ घालतात का हो?" असा आडून बाण मारला. ताई म्हणाल्या, "गोड आवडतं त्या दिवशी घालते."

कोडं शेवटी मी सोडवलं. हे माझं कसबच आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात चहाचा कप हातात असताना मी ताईंना गाव विचारलं. त्यांनी सांगितलं. योगायोगाने माझ्या मावशीचं सासर तिथून जवळच. मग मी विचारलं, "गावात घर कुठल्या बाजूला?"

ज्यांना हा प्रश्न कळत नाही त्यांनी तो कळून न घेतलेलाच बरा. ताईंना कळला. त्यांनी कप खाली ठेवला, माझ्याकडे सरळ पाहिलं आणि शांतपणे ती बाजू सांगितली. वर म्हणाल्या, "झालं समाधान?" मी मोठ्याने हसलो. त्या हसल्या नाहीत.

ताईंची जात मी इथे लिहीत नाही. वाचकाला आता ती जाणून घ्यावीशी वाटत असेल, तर मंडळाच्या कार्यकारिणीत दोन जागा रिकाम्या आहेत.

ही माहिती मी फक्त बायकोला सांगितली. बायकोने फक्त एका मैत्रिणीला. तिने कुणालाही सांगितली नाही, फक्त ग्रुपवर टाकली.

पुढच्या ऑगस्टमध्ये नैवेद्याच्या बायकांची यादी करायला बसलो तेव्हा ताईंच्या नावापाशी गाडी अडली. अध्यक्ष म्हणाले, "मला स्वतःला काही नाही हो. पण काही जणांच्या भावना असतात." खजिनदारही म्हणाले, की त्यांना स्वतःला काही नाही. त्या आमटीवाल्या काकू म्हणाल्या, "मी तर त्यांच्या हातचं खाल्लंय, मला काय असणार? पण सोवळ्याचं असतं, लोक बोलतात." ते बोलणारे लोक मी आजतागायत शोधतो आहे. एकशे बारा कुटुंबांत एकही माणूस असा भेटला नाही ज्याला स्वतःला काही होतं. तरीही ताईंचं नाव यादीतून गेलं, आणि कळवायचं काम अर्थातच चिटणिसाचं.

मी फोन केला. म्हणालो, "ताई, यंदा सेंटरने फायर सेफ्टीचा नवा रूल आणलाय. किचनमध्ये चारच जणी अलाउड आहेत. सिनियर मेंबर्सना प्रायॉरिटी द्यावी लागतेय, समजून घ्या."

"चारच?" त्यांनी विचारलं.

"चारच," मी म्हणालो. खोटं बोलताना आकडा ठाम सांगावा, हे मी बँकेत शिकलो.

गणपतीच्या दिवशी ताई मुलीला घेऊन दर्शनाला आल्या. येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. किचनला वाढपाची मोठी खिडकी आहे, तिच्यासमोर त्या रांगेत उभ्या राहिल्या. आत नऊ जणी होत्या. ताईंनी मोजल्या. त्यांची नजर एकेका डोक्यावरून सरकताना मी पाहिली आणि खांबाला माळ नीट बसली आहे का हे तपासायला निघून गेलो. मोदक त्या वर्षी फुटले. देवाने शिक्षा केली असं लिहायचा मोह होतो, पण ते दरवर्षीच फुटतात.

आठवड्याभराने त्यांची ईमेल आली. एकच ओळ: 'मला नैवेद्यातून का वगळलं, त्याचं कारण एका वाक्यात लेखी कळवाल का?'

मी तीन उत्तरं लिहिली. पहिल्यात गैरसमज झाल्याचा खेद होता, दुसऱ्यात स्वयंसेवकांच्या योगदानाचा गौरव, आणि तिसऱ्यात पुढल्या वर्षी रांगोळीसाठी आग्रहाचं आमंत्रण. कारण कुठेच नव्हतं. प्रत्येक वेळी त्यांनी तीच ओळ पुन्हा पाठवली. मग त्यांनी पालिकेच्या त्या खात्याला लिहिलं जे आम्हाला हॉल देतं. भेदभाव करणाऱ्या संस्थेला हॉल मिळत नाही, असं करारात सहाव्या कलमात लिहिलेलं आहे. त्या कलमावर सही माझीच आहे.

खात्यातल्या अधिकारी बाईंचं पत्र आलं. झाल्या प्रकाराचा खुलासा करा, भेदभाव टाळण्याचं तुमचं धोरण पाठवा, आणि सभासदांमधल्या विविधतेविषयी काही माहिती असेल तर जोडा. जानेवारीत सगळ्यांनी समोरासमोर बसून बोलू.

तातडीची सभा रविवारी दुपारी अध्यक्षांच्या बेसमेंटमध्ये भरली. बाहेर बर्फ पडत होता, आत पोहे होते. अध्यक्षांचा मुद्दा कायद्याचा होता. "इथल्या कायद्यात जात हा वर्डच नाही. जी गोष्ट लॉमध्ये नाही तिच्यावरून डिस्क्रिमिनेशन होईलच कसं?" खजिनदारांचा मुद्दा भावनेचा होता. "वीस वर्षांत आपण कुणाची जात विचारली का? आपल्यात कोण काय आहे हे कुणाला ठाऊक तरी आहे का?"

"मग तेच दाखवू या ना," काकू म्हणाल्या. "आपल्यात सगळ्या जातींचे लोक आहेत. विविधता पाहिजे ना त्यांना? घ्या लिहून."

सूचना सर्वांना आवडली. मलाही आवडली, हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर सगळे म्हणाले की कल्पना चिटणिसाची होती. मी लॅपटॉप उघडला, एक तक्ता केला, वर रकान्यांना नावं दिली: कुटुंब, गाव आणि जात. 'जात' बरं दिसेना, म्हणून 'समाज' केलं. मग मंडळी सांगत गेली आणि मी टाइप करत गेलो.

काय सांगू, काय ती स्मरणशक्ती! एरवी अध्यक्षांना मंडळाची घटना सापडत नाही, खजिनदारांना नातवाचा वाढदिवस आठवत नाही. इथे एकही अडलं नाही. "ते ना? ते आपले. हे ते, पण तिकडचे. त्यांची सून वेगळी हं, लव्ह मॅरेज, सुनेचं कंसात घाल." ग्रुपवर ज्यांनी कधी तोंड उघडलं नाही अशा लोकांच्याही जाती, पोटजातींसकट, पोह्यांची दुसरी फेरी यायच्या आत तयार. एकशे बारा कुटुंबं, चाळीस मिनिटं, आणि कुणालाही एक फोन करावा लागला नाही. फक्त एका ओळीवर वाद झाला. खजिनदार म्हणाले भारतातल्या मेव्हण्याला विचारतो, पण तिकडे मध्यरात्र उलटली होती, म्हणून तो रकाना सोमवारी भरला.

"बघा," अध्यक्ष समाधानाने म्हणाले, "आहे का असली डायव्हर्सिटी कुणाकडे?"

तो तक्ता मी खुलाशाला जोडून पाठवून दिला. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. पण त्या वेळी धोंडाही आम्हाला पुरावा वाटत होता.

जानेवारीतल्या बैठकीला आम्ही तिघे गेलो: अध्यक्ष, खजिनदार आणि मी. ताई एकट्याच आत आल्या. अधिकारी बाई पन्नाशीच्या, शांत. त्यांनी आधी ताईंना विचारलं, तुम्हाला यातून काय हवं आहे? ताई इंग्रजीत म्हणाल्या, "यांचा हॉल जावा असं मला वाटत नाही. मला माफीही नको. मला घरी एक उत्तर द्यायचं आहे आणि त्यासाठी खरं कारण हवं आहे."

अध्यक्षांनी फायर सेफ्टी सांगितली. अधिकारी बाई म्हणाल्या, "हॉल आमचा आहे. असा नियम नाही." अध्यक्षांनी जात कायद्यात नसल्याचं सांगितलं. बाई म्हणाल्या, माणूस कोणत्या घरात जन्मला यावरून त्याला वेगळं वागवणं कायद्यात आहे, तुम्ही त्याला तुमच्या भाषेत काय म्हणता याने फरक पडत नाही. मग अध्यक्षांनी आमचा हुकमी एक्का काढला. म्हणाले, आमच्यात जात कुणी पाहतच नाही, तक्ता पाहा.

बाईंनी तक्ता पुढे ओढला. "छान, सविस्तर आहे. ही माहिती कशी गोळा केली? सभासदांनी फॉर्म भरून दिले?"

"नाही."

"मग त्यांना विचारलं?"

"छे छे," खजिनदार दुखावून म्हणाले. "आम्ही असलं कुणाला विचारत नाही."

"मग तुम्हाला कळलं कसं?"

खजिनदारांनी अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी माझ्याकडे.

बाई पेन्सिलीचं टोक ओळींवरून खाली नेत होत्या. "आणखी एक. हे आडनावांच्या क्रमाने नाही, गावांच्याही नाही. कोणत्या क्रमाने आहे?"

मी तक्त्याकडे पाहिलं. आई शप्पथ सांगतो, मी तोपर्यंत ते पाहिलंच नव्हतं. आम्ही बोलत गेलो होतो आणि मी टाइप करत गेलो होतो, इतकंच. कुणी क्रम ठरवला नव्हता. तरी ती यादी वरून खाली अशी उतरत गेली होती, की आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याने डोळे मिटून हेच म्हटलं असतं. पहिल्या पाचांत आम्ही तिघेही होतो. ताई एकशे नवव्या ओळीत होत्या. त्यांच्या खाली तिघे होते, आणि त्या तिघांनाही कधी कुणी किचनमध्ये बोलावलेलं नव्हतं.

ताईंनी पुढे वाकून स्वतःची ओळ शोधली. वरून सुरुवातही केली नाही, थेट खालीच पाहिलं.

मला खूप लाज वाटली. शिकवताना समोरच्यांना वाटायला लावतो तसली, टाळ्यांनी संपणारी नव्हे. मी म्हणालो, "जातीमुळे. फोन मी केला होता आणि सेफ्टीचं खोटं सांगितलं होतं. आणि मुळात त्यांचं घर गावात कुठल्या बाजूला आहे हे मीच विचारलं होतं." अध्यक्ष टेबलाखालून माझ्या बुटावर बूट आपटत होते. थांबायला उशीर झाला होता.

बाईंनी लिहून घेतलं. मंडळाने दोन महिन्यांत धोरण करावं, किचन सर्वांना खुलं ठेवावं, हॉल तूर्त राहील, असं ठरलं. मला, खरं सांगायचं तर, बरंच हलकं वाटत होतं. आपण धीर दाखवला, असंही वाटत होतं. बाहेर पडताना ताई काहीतरी चांगलं म्हणतील अशी अपेक्षाही होती. माणसाची खोड मेल्याशिवाय जात नाही.

ताई कोट चढवत म्हणाल्या, "मला माहीतच होतं हो. गाव विचारलंत तेव्हाच माहीत होतं. मला सांगून काय उपयोग? माझ्या मुलीला सांगा. आज शाळेला सुट्टी आहे, लॉबीत बसवून आलेय. मी किती दिवस काहीबाही सांगू तिला?"

मुलगी लॉबीत बाकावर मांडी घालून बसली होती. बारा पूर्ण झाली असेल. मी तिच्यासमोर उभा राहिलो. दोनशे माणसांसमोर घडाघडा बोलणारा मी, मला सुरुवात सापडेना. शेवटी इंग्रजीत म्हणालो, "गणपतीला तुझ्या आईला मोदक करू नका असं मी सांगितलं. मी दिलेलं कारण खोटं होतं. काही लोकांना वाटतं, की अमुक घरात जन्मलेल्या माणसाने देवाचं जेवण करू नये. आम्ही तसे वागलो."

तिने विचारलं, "सो द मोदक्स वेअर ओके?"

"ओके?" मी म्हणालो. "इतके चांगले मी कधी खाल्ले नव्हते. सात खाल्ले."

तिने माझ्या खांद्यावरून आईकडे पाहिलं. "यू सेड दे क्रॅक्ड इन द स्टीमर. यू सेड यू मेस्ड अप, दॅट्स व्हाय."

ताई तिच्या जॅकेटची चेन लावायला वाकल्या होत्या. त्या मराठीतच म्हणाल्या, "हो बेटा. तसं सांगितलं होतं मी." चेन अडकली होती. त्यांनी ती दोनदा खाली-वर केली, तरी लागेना.

मग मुलगी माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "आय वॉज प्रॅक्टिसिंग," ती म्हणाली. "द फोल्ड्स. एव्हरी संडे. सो यू गाइज वुड लेट अस बॅक इन."

अध्यक्ष आणि खजिनदार तोवर मागच्या दाराने पार्किंगकडे गेले होते. तिच्यासमोर मी एकटाच उभा होतो.